कुणाला न कळता बरं होता येईल का?

पत्र :

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. वय 43. घरची कलमं आहेत, शिवाय दोन बागा कराराने घेतो. वडील जाऊन दोन वर्षं झाली. घरी आई, बायको आणि दहावीतला मुलगा. थोरला भाऊ डोंबिवलीला नोकरीला. गणपतीला आणि मे महिन्यात येतो.

मागचे दोन्ही हंगाम फुकट गेले. एका वर्षी थ्रिप्सने मोहोर खाल्ला, दुसऱ्या वर्षी अवकाळी पावसाने गेला. फवारणीचा खर्चसुद्धा सुटला नाही. सोसायटीचं कर्ज आहे, वाशीच्या दलालाची उचल अंगावर आहे. यंदाही मोहोरापेक्षा पालवीच जास्त दिसते.

पण कर्जासाठी हे पत्र नाही. पावसाळ्यापासून मला झोप नाही. बाराला डोळा लागतो, तीनला उघडतो, तो पुन्हा लागत नाही. सकाळी बागेत जायचं म्हटलं तर अंगात त्राण नसतं. छातीवर दडपण येतं. कणकवलीला कार्डिओग्राम काढला, नॉर्मल आला. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या, फरक शून्य. संध्याकाळी क्वार्टर लागते, कधी त्याच्या पुढे जातं. भजनात मी पखवाज वाजवायचो. यंदा गणपतीत हात लावला नाही, मंडळींनी दुसऱ्या वाडीतून पखवाजी आणला. अभ्यासावरून मुलगा उलट बोलला म्हणून त्याच्या अंगावर धावून गेलो. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

आईने देवाला गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. कुणीतरी काहीतरी केलंय असं तिचं म्हणणं. बायको विचारते, "तुमका होता तरी काय?" मी म्हणतो, "काय नाय गो." चुलत्यांशी सामाईक जमिनीचा वाद चालू आहे. मी मानसोपचारवाल्याकडे गेलो हे कळलं तर ते म्हणतील, याचं डोकं फिरलंय, याच्या सह्या कशा धरायच्या? गावात ‘रत्नागिरीक नेल्यानी’ म्हणून बोभाटा होईल तो वेगळाच. हल्ली फवारणीची औषधं ठेवतो त्या खोलीत काही काढायला गेलो की काम विसरून तिथेच उभा राहतो.

कुणाला न कळता यातून बरं व्हायचा काही मार्ग आहे का?

— एक बागायतदार

उत्तर :

भाऊ,

पत्रावर तुम्ही नाव, गाव, फोन काहीच घातलेलं नाही. नंबर असता तर हे छापून यायची वाट न बघता त्याच संध्याकाळी फोन केला असता. म्हणून सगळ्यात आधी त्या खोलीबद्दल लिहितो. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तिथे उभे राहता तेव्हा मरणाचा विचार मनात येतो का? सरळ विचारतो आहे, कारण विचारल्याने असा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट तो आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, किंवा ‘कधी कधी’ असेल, तर आज रात्रीच 14416 वर फोन लावा. ही केंद्र सरकारची, फोनवरून मानसिक आधार देणारी टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तीन वाजता डोळा उघडतो तेव्हाही तिथे माणूस असतो. आणि एखाद्या घटकेला आपला आपल्यावर भरवसा उरला नाही असं वाटलं, तर बायकोला उठवा आणि 108 ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठा. अपरात्री कुणाला कशाला त्रास, हा विचार त्या वेळी करू नका.

आता त्या खोलीची किल्ली. ती उद्यापासून तुमच्या खिशात नको. बायकोकडे द्या, किंवा वर्षानुवर्षं तुमच्याकडे कामाला असलेला एखादा विश्वासू गडी असेल तर त्याच्याकडे द्या. मोहोर धरायचे दिवस आहेत, फवारणी थांबणार नाही हे मला कळतं. औषध त्याने काढावं, मापून टाकीत घालावं, उरलेलं पुन्हा कुलपात ठेवावं. तुम्ही कुठल्या कलमावर तुडतुडा आहे, कुठे भुरी आहे ते बघा आणि सांगा. पूर्ण हंगामाचा साठा घरात करू नका. एका फवारणीपुरतं दुकानातून आणा. दोन पैसे जास्त जातील, जाऊ देत. आणि ज्या संध्याकाळी घोट घेतला असेल त्या संध्याकाळी त्या बाजूला फिरकायचंच नाही.

हे मी घाबरवायला सांगत नाही. जीव नकोसा होण्याची जी तीव्र घटका असते ती बहुतेक माणसांत थोडा वेळ टिकते आणि ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेली बहुतेक माणसं पुढे जगतात. श्रीलंकेत 1995 पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी खाली आलं. तिथल्या लोकांची दुःखं काही संपली नव्हती. विष तेवढं हातापासून लांब गेलं होतं.

किल्लीचं झालं की पुढचं वाचा.

तुम्हाला तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही. पण तुम्ही लिहिलेली एकेक गोष्ट बाजूला ठेवून बघा: तीनला जाग येणं, सकाळ सगळ्यात जड जाणं, अंगात त्राण नसणं, छातीवर दडपण, आवडीच्या गोष्टीला हात लावावासा न वाटणं, चिडचिड, दारूचं वाढलेलं प्रमाण. यातली बरीचशी लक्षणं सलग दोन आठवडे राहिली तर आम्ही डॉक्टर नैराश्याचा, म्हणजे डिप्रेशनचा, विचार करू लागतो. तुमची पावसाळ्यापासून आहेत. नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून रडणं असं लोक समजतात. पुरुषांमध्ये ते कितीदा तरी रागाच्या, पाठदुखीच्या, पित्ताच्या, बाटलीच्या रूपाने येतं. घरातले म्हणतात, हल्ली फार तापट झालाय. माणूस स्वतः म्हणतो, ॲसिडिटी आहे. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं, पण दुखणं राहतं बाजूलाच.

माझ्या दवाखान्यात बागायतदार येतात, होडीवाले येतात, रिक्षावाले येतात. बायका येतात त्या बसल्या बसल्या सांगून टाकतात, डॉक्टर, मन लागत नाही, रडू येतं. पुरुष शर्टाचं बटण काढून छातीवर बोट ठेवतो, ‘इथे जरा दुखतं’ म्हणतो, नाडी बघून होईपर्यंत घड्याळाकडे बघतो, आणि उठून दाराशी गेला की वळून विचारतो, "झोपेची एखादी गोळी देशात काय?" खरी तक्रार ती असते. दाराशी उभं राहून सांगितलेली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 माणसांनी आत्महत्या केल्या, त्यात 1,22,724 पुरुष होते. दहातले सात. राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, 22,746. हे सगळे दुबळे होते असं मी मानायला तयार नाही. घर चालवणारी, कर्जाच्या कागदांवर सही करणारी, चार माणसांना कामाला लावणारी माणसं होती ती, आणि ‘काय नाय’ हे उत्तर त्यातल्या कितीतरी जणांनी घरात दिलं असणार.

आता तुमचा प्रश्न. कुणाला न कळता बरं होता येईल का? अर्धं उत्तर ‘होय’ आणि अर्धं ‘नाही’.

‘होय’ आधी घेतो. गावाला, चुलत्यांना, सोसायटीच्या सेक्रेटरीला काही एक कळायची गरज नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, तो 2018 पासून लागू झाला. त्यात रुग्णाच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक केलं आहे. जिवाला धोका असेल तर किंवा न्यायालयाने मागितली तर, असे थोडे अपवाद आहेत. भाऊबंदांची चौकशी त्यात बसत नाही. सह्यांच्या बाबतीत तर तुम्ही उगाच जीव टांगणीला लावून बसला आहात. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून तो माणूस विकल मनाचा ठरत नाही. तसं सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. नैराश्याची गोळी घेणाऱ्याची सातबाऱ्यावरची, बँकेतली, कोर्टातली सही इतर कुणाच्याही सहीइतकीच सही आहे. तुमच्या जमिनीच्या वकिलाला हे विचारून घ्या म्हणजे मनातली धाकधूक जाईल. खरं तर उलट बाजूचं भय बाळगा: झोप नाही, डोकं थाऱ्यावर नाही आणि दोन पेग पोटात आहेत, अशा अवस्थेत तुम्ही एखाद्या वाटपाच्या कागदावर सही कराल, ती तुम्हाला जास्त महाग पडेल.

रत्नागिरीचंही बोलून टाकतो. तिथलं मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासूनचं, त्यामुळे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ‘याला रत्नागिरीला न्यायला हवा’ ही शिवी होऊन बसली. लहानपणापासून ऐकलेली शिवी मनात घर करते. मला तिची चीड येते, कारण तिच्यापायी मी माणसं उशिरा आलेली बघतो. त्या रुग्णालयात काम करणारे लोक आपल्याच घरच्या माणसांची सेवा करतात, आणि कुणाला तिथे दाखल व्हावं लागलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तुमच्यासारख्याला दाखल व्हायचा प्रश्नच बहुधा येत नाही. सकाळी जायचं, केसपेपर काढायचा, बोलायचं, चिठ्ठी घ्यायची आणि दुपारी जेवायला घरी.

कुठे जायचं? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात ही सेवा मिळते. आधी देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून किंवा कुणाला न सांगता नुसतं जाऊन विचारा, मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या दिवशी कुठे भेटतात. ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर आपल्याकडचे कितीतरी लोक इतर आजारांसाठी गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातातच, तुम्हीही जा. कुणी विचारणार नाही. मोबाईलवर व्हिडिओने तज्ज्ञाशी बोलता येतं, 2020 पासून त्याला रीतसर मार्गदर्शक नियम आहेत, त्यामुळे तज्ज्ञ मुंबईचा असला तरी चालतो. आणि भावाकडे डोंबिवलीला चार दिवस जाणार असाल तर ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था लोकलच्या अंतरावर आहे.

डॉक्टरसमोर बसल्यावर छातीपासून सुरुवात करू नका. मला लिहिलेलं पत्र खिशात घालून जा आणि सरळ वाचून दाखवा. वाचवत नसेल तर एवढंच बोला: "पावसाळ्यापासून झोप नाही, कशात मन लागत नाही, दारू वाढली आहे, आणि मरणाचे विचार येतात का ते मला विचारा." दारू किती ते खरं सांगा. क्वार्टर असेल तर क्वार्टर, अर्धी बाटली असेल तर अर्धी बाटली. त्यावरून औषध ठरतं. ते थायरॉईड, साखर, बी-12 तपासायला सांगतील, ते करून घ्या. थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच गळून जातो. छातीचं म्हणाल तर, चढ चढताना किंवा ओझं उचलताना दुखत असेल, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जात असेल, घाम फुटत असेल, तर पूर्वीचा कार्डिओग्राम नॉर्मल होता म्हणून गप्प राहू नका, पुन्हा दाखवा.

औषधाबद्दल लोकांच्या दोन समजुती असतात, दोन्ही नुकसान करतात. एक म्हणजे सवय लागते. नैराश्यावर सहसा जी औषधं देतात त्यांची दारूसारखी किंवा झोपेच्या गोळ्यांसारखी ओढ लागत नाही. मात्र ती एकदम तोडायची नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करून बंद करतात. दुसरी समजूत अशी की चार दिवसांत गुण आला नाही म्हणजे औषध लागू पडलं नाही. तुम्ही मोहोर यावा म्हणून भर पावसात कलमांना कल्टार हे औषध घालता आणि मोहोर दिवाळीनंतर बघता, मधल्या काळात कलम उपटून टाकत नाही. या गोळ्यांनाही वेळ लागतो. आधी झोप, भूक सुधारते, मन वर यायला चार ते सहा आठवडे जातात. सुरुवातीला मळमळ होते, कुणाला बेचैनी वाढल्यासारखी वाटते. बेचैनी फार वाढली किंवा ते विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवायचं. आणि बरं वाटायला लागलं की लगेच सोडायच्या नाहीत, त्यानंतरही निदान सहा महिने चालू ठेवतात. गोळ्यांबरोबर समुपदेशकाकडे बसून बोलायचं सुचवलं तर तेही करा. मेडिकलमधून ओळखीने झोपेची गोळी आणून दारूबरोबर घेणं मात्र अजिबात नको. त्या जोडीने श्वास थांबू शकतो.

दारूवर मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण आपल्याकडे गोव्याची हद्द जवळ आणि संध्याकाळी घेणं हे पुरुषाचं नित्यकर्म असल्यासारखं धरलं जातं. तुम्ही झोप लागावी म्हणून घेता. तिने डोळा लागतो खरा, पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप मोडते. तीनला जाग येण्यात तिचा मोठा वाटा असू शकतो. आणि दारू मूळचीच मन खाली ओढणारी आहे. वरून गोळी घ्यायची आणि खालून दारू ओतायची, मग गोळी काय करणार? तरीही उद्यापासून बंद, असं मी तुम्हाला सांगणार नाही. रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हात थरथरणं, घाम, भास, कधी कधी फिट येण्यापर्यंत जातं. ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरला सांगून, औषधाच्या आधाराने सोडायची. तेवढ्याने सुटत नसेल तर पुण्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं. तिथून बाहेर पडून पुन्हा आपापल्या कामाला लागलेली माणसं पुष्कळ आहेत.

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग. घरात कुणालाच न कळता हे होणार नाही, आणि होऊही नये असं माझं ठाम मत आहे. किल्ली कुणाच्या तरी हातात द्यायची आहे. गोळी चुकली का ते कुणीतरी बघायचं आहे. पहिले काही आठवडे तुम्हाला वाटेल की काही उपयोग नाही, तेव्हा पुन्हा गाडीत बसवून डॉक्टरकडे नेणारं कुणीतरी हवं. हे काम चोरून होत नाही.

पहिलं माणूस बायको. तुम्हाला वाटतं तिच्यापासून लपवलं आहे. भाऊ, तीनला तुम्ही उठून पडवीत जाता तेव्हा तीही जागीच असणार. ती विचारते आहे म्हणजे तिला दिसतं आहे, आणि न कळल्यामुळे ती स्वतःच्याच मनाने काहीबाही ठरवून बसली असेल, बाहेर काही भानगड आहे, कर्ज सांगितलं त्याहून जास्त आहे, किंवा तीच तुम्हाला नकोशी झाली आहे. तिला सांगायला प्रस्तावना लागत नाही. जेवणं झाल्यावर, आई निजल्यावर, न पिता: "माका बरा वाटत नाय. मनाचा दुखणा आसा. डॉक्टराकडे जावचा हा, तू येशीत?" एवढं पुरे. ती रडेल कदाचित. रडू दे. खोलीचं मात्र त्याच रात्री सांगा आणि किल्ली तिच्या हातात ठेवा.

दुसरं माणूस भाऊ. तो चाकरमानी, त्याला इथलं काय कळतंय, असं मनात येत असेल. पण वडील गेल्यापासून सगळा भार तुम्ही एकट्याने ओढला आणि त्याला दरवर्षी आंब्याच्या पेट्या वेळेवर पोचल्या, म्हणजे त्याच्या दृष्टीने सगळं ठीकच चाललं आहे. त्याला रविवारी फोन करा, दोन दिवस रजा काढून ये म्हणा. तो आला की पैशांचे कागद त्याच्यासमोर काढा: सोसायटीचा उतारा, दलालाची उचल, वाशीहून आलेल्या विक्रीच्या पट्ट्या, फळपीक विम्याचे कागद. विम्याची भरपाई आली का, किती आली, राहिली असेल तर कुणाकडे विचारायचं, हे त्याने बघावं. सोसायटीत मुदत वाढवून मिळते का तेही त्यानेच जाऊन विचारावं. तुम्ही नुसते शेजारी बसा. नैराश्यात दहा हजारांचं देणं लाखाचं दिसतं आणि लाखाचं असेल तर त्यातून वाटच दिसत नाही. आकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितले की त्यांचा खरा आकार कळतो. दोन हंगाम गेले हे काही तुमच्या हातून घडलेलं नाही. थ्रिप्स तुमच्या एकट्याच्या बागेत आला नव्हता, अवकाळी पाऊस तुमचा बांध बघून पडला नव्हता. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने ऐन तोडणीत आंबा जमिनीवर आणला तेव्हाही कष्टात कुणी कमी पडलं नव्हतं. एक विनंती मात्र आहे. पुढचे सहा महिने कलमं विकायची नाहीत, बाग कायमची कुणाला लिहून द्यायची नाही, वाटपाच्या कागदावर सही करायची नाही. कराराच्या दोन बागांपैकी एक यंदा सोडून दिलीत तर चालेल, त्यात कमीपणा नाही.

आईला आजाराचं नाव सांगितलं नाहीत तरी चालेल. तिने गाऱ्हाणं घातलं ते तुमच्यावरच्या मायेने. देवळात जा, नारळ ठेवा, तिच्या मनाला बरं वाटेल आणि तुमच्याही. पण कुणी काही केलंय म्हणून कुणा भगताकडे पाच-दहा हजार मोजायला निघालात, किंवा कुणी सांगितलं की आता डॉक्टरची गोळी बंद कर, तर तिथून उठून यायचं. आणि ‘कुणी केलंय’ म्हटलं की बोट चुलत्यांकडे जाणार, मग जमिनीचा वाद आणखी पेटणार, हेही लक्षात असू द्या.

पखवाजाला जोर करून हात लावा असं मी म्हणत नाही. पण भजनाला जाऊन बसा. मागे, खांबाला टेकून, हवं तर टाळ घेऊन. या आजारात आधी मन लागेल आणि मग जाईन, अशी वाट बघत बसलं तर पाय घरातून निघत नाही. आधी जायचं, मन मागून येतं. समुपदेशकही हेच करायला लावतात. रोज सकाळी बागेत एक फेरी, कामाशिवाय, जमेल तेवढी. ठरल्या वेळी जेवण. एवढ्याने आजार जात नाही, पण औषधाला हात मिळतो.

हे सदर घरातल्या बायकाही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. वहिनी, तुमच्या घरातही असा माणूस असेल: हल्ली उगाच चिडणारा, रात्री फिरणारा, कुणात न मिसळणारा. ‘पुरुषासारखे पुरुष असून असं काय करता’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. ‘टेन्शन घेऊ नका’ हेही नको, ते त्याला कळत नसतं असं नाही. जवळ बसा, विचारा, आणि मरणाचा विचार येतो का हे सरळ शब्दांत विचारायला घाबरू नका. कुणी तसा प्रयत्न केलाच तर पोलिसांच्या भीतीने घरात लपवून ठेवू नका, लगेच रुग्णालयात न्या. 2017 च्या कायद्यानेच अशा माणसाला शिक्षेपासून संरक्षण दिलं. आत्महत्येच्या प्रयत्नाचा जुना 309 चा गुन्हा तर 2024 पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत तसा राहिलाच नाही.

राहता राहिला मुलगा. भाऊ, तो दहावीला आहे म्हणजे सगळं कळण्याच्या वयाचा. तुमचं पत्र वाचताना मला वाटलं, सगळ्यात जास्त सल तुम्हाला त्याचाच आहे. त्याला समजावत बसू नका, अभ्यासाचा विषय काढू नका. डॉक्टरकडे जाऊन आलात की त्याच दिवशी त्याला सांगा: "त्या दिवशी मी तुझ्या अंगावर आलो ते चुकलं माझं. माझी तब्येत बरी नाही, औषध सुरू केलंय." तो लगेच काही बोलणार नाही. नाही बोलला तरी तिथेच उभं राहून उत्तर मागू नका. तो पुन्हा उलट बोलला आणि हात शिवशिवला तर अंगणात निघून जा, आणि असं वारंवार होत असेल तर डॉक्टरला तेही सांगा, त्यावरही उपचार आहेत.

पहिली भेट झाली की मला लिहा. डॉक्टर काय म्हणाले, कुठली गोळी दिली, झोपेत काही फरक पडला का. या वेळी पत्रात फोन नंबर घाला. छापणार नाही, फोन नक्की करीन.

— तुमचा, डॉक्टर